समुद्रावरचा पहिला दिवस

कसारा हे गाव समुद्रापासून फार दूर नाही. मुंबईहून सुटलेली लोकल गाडी सुमारे एकशेवीस किलोमीटरांचे अंतर तोडून येते आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी थांबते. पुढे थळ घाट सुरू होतो, म्हणून लोकलची धाव तेथे संपते. एका बाजूला घाट आणि दुसऱ्या बाजूला, अडीच-तीन तासांच्या वाटेवर, समुद्र. तरीही आमच्याकडच्या कित्येक वृद्ध माणसांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नसतो. त्यांची आणि समुद्राची ओळख निराळ्या रीतीने होते. जून महिन्यात नैऋत्येकडून काळेभोर ढग येतात, डोंगरांच्या कड्यांना अडतात आणि रात्रंदिवस कोसळू लागतात. तो पाऊस म्हणजे समुद्रच होय. आम्ही त्याच्याकडे गेलो नाही, तरी तो दरवर्षी न चुकता आमच्याकडे येतो.

माझी आई अशा माणसांपैकीच एक. वडील रेल्वेत गँगमन होते. घाटातील रूळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आईचा जन्म गेला पाणी आणण्यात. आमच्या शहापूर तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जमिनीखाली काळा कठीण खडक असल्यामुळे ते पाणी मुरत नाही, उतारावरून धावत निघून जाते. फाल्गुन सरला की विहिरी तळ दाखवू लागतात. मग ओढ्याच्या पात्रात खड्डा खणायचा, त्यात पाणी झिरपण्याची वाट पाहायची आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि पायांखाली घाटाची चढण. हे आईने पन्नास वर्षे केले. वाट चढताना तिच्या मनात एक प्रश्न नेहमी येई आणि तो ती आम्हांला विचारी, “पावसाळ्यात एवढं पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाहून जातं, ते शेवटी जातं तरी कुठं रे?”

“समुद्राला मिळतं,” असे आम्ही शाळेतील पुस्तक वाचून तिला सांगत असू.

“मग एकदा बघायला हवा तो,” असे म्हणून ती पुन्हा कामाला लागे.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुंबईहून गोव्याला जाणारे ‘अंग्रिया’ नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले. दुपार कलल्यावर मुंबई सोडायची, रात्र समुद्रावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला उतरायचे, असा त्याचा क्रम होता. पुढे ती सेवा फार काळ टिकली नाही. परंतु त्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, आई, बारा वर्षांची माझी भाची आणि मी, असे तिघे त्या जहाजाने निघालो. आईला केवळ किनाऱ्यावरून समुद्र दाखवायचा, तर चौपाटी पुरेशी होती. पण जिने आयुष्यभर पाण्याच्या मागे पायपीट केली, तिला एकदा पाण्यानेच वाहून न्यावे, अशी माझी इच्छा होती.

पहाटेच्या लोकलने आम्ही कसारा सोडले. डब्यात दुधाच्या किटल्या होत्या, भाजीच्या पाट्या होत्या आणि कामावर निघालेली माणसे डोळे मिटून बसली होती. खर्डी, आटगाव मागे पडले. आसनगावाजवळ उजाडले आणि माहुलीच्या गडाचे सुळके धुक्यातून वर आले. भाचीने पिशवीतून नकाशा काढला व मांडीवर पसरला. तिला कसाऱ्यापासून गोव्यापर्यंतची सारी वाट पेन्सिलीने आखून ठेवायची होती.

ठाण्याच्या अलीकडे गाडी खाडीवरील पुलावर आली, तेव्हा भाची एकदम म्हणाली, “मामा, नकाशात इथं जमीन संपते आहे! पलीकडे बेट आहे.”

तिचे म्हणणे खरे होते. आपण मुंबईला जातो, तेव्हा बेटावर जातो, याची आठवण कोणाला राहत नाही. ठाण्याची खाडी ओलांडली की आपण साष्टी बेटावर पाऊल ठेवतो. त्याच्या दक्षिणेस पूर्वी कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. भरतीच्या वेळी त्यांच्यामध्ये समुद्राचे पाणी शिरे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात मुंबईचे दान इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ साली राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पुढे बांध घालून, डोंगर फोडून, भर टाकून माणसांनी ही बेटे एकमेकांस जोडली. ज्या माझगावाकडील गोदीतून आम्हांला जहाजात चढायचे होते, तेही त्या सात बेटांपैकी एक. उष्ण कटिबंधातील एका बेटावरून आम्ही समुद्रपर्यटनास निघालो होतो. मात्र आता त्या बेटावर नारळीच्या बनांऐवजी घरांचे डोंगर उभे होते.

आई खिडकीबाहेर पाहत होती. “एवढी घरं! ही सगळी माणसं पाणी कुठलं पितात?” तिने विचारले.

मी म्हणालो, “आपलंच, आई.”

तिला ते थट्टेचे बोलणे वाटले. पण ती थट्टा नव्हती. मुंबईला सात तलाव पाणी पुरवतात. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव शहराच्या हद्दीत आहेत. बाकीची सारी जलाशये आमच्याकडील डोंगरदऱ्यांत, तानसा, वैतरणा आणि भातसा या नद्यांवर आहेत. तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईकडे वाहत आहे. आणि थळ घाटाच्या परिसरात उगम पावणारी, आईच्या पायांखालून वाहत जाणारी भातसा नदी आज एकटी मुंबईची जवळजवळ निम्मी तहान भागवते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पिसे येथे येते. तेथून ते उपसून पांजरापूरला शुद्ध करतात आणि माणूस आत उभा राहू शकेल एवढ्या मोठ्या नळांतून शहराकडे धाडतात. हे सारे मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. पुढे गाडीतून जेव्हा जेव्हा तसे नळ दिसले, तेव्हा तेव्हा मात्र ती ओळखीचे माणूस दिसावे तशी त्यांच्याकडे वळून पाहत राहिली.

दुपारी आम्ही गोदीत पोहोचलो. भिंतीआडून प्रथम जहाजाचा वरचा भाग दिसला, आणि मग ते पांढरेशुभ्र, अनेक मजली, इमारतीसारखे जहाज समोर उभे राहिले. सुमारे चारशे प्रवासी त्यात राहू शकत. जहाजाच्या शिडीशी येताच आईने पायांतील वहाणा काढून हातात घेतल्या. दारातील गणवेशधारी तरुण हसून म्हणाला, “आजी, राहू द्या पायांत.” त्यावर आई म्हणाली, “अरे, नावेत चढायचं म्हणजे तिच्या अंगावर पाय ठेवायचा. पहिल्यांदा तरी अनवाणी जावं.” त्या तरुणाने बाजूला होऊन तिला वाट दिली आणि तिची पिशवी आपल्या हाती घेतली.

निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना एकत्र जमवून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे, संकटाचा भोंगा कसा ओळखायचा आणि कोठे जमायचे, हे दाखवण्यात आले. काही तरुण मंडळी त्या वेळी हसत-बोलत होती. माझ्या शेजारी रेवदंड्याकडील एक वृद्ध गृहस्थ उभे होते. ते हळूच म्हणाले, “हे नीट ऐकावं हो. आमच्या लहानपणी ‘रामदास’चं नाव काढलं, की घरात सगळे गप्प होत.” १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्याच्याही आधी, १८८८ च्या नोव्हेंबरात, सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ‘वैतरणा’ नावाची आगबोट चक्रीवादळात सापडून शेकडो माणसांसह नाहीशी झाली होती. आमच्या भागातून वाहणाऱ्या नदीचे नाव तिने धारण केले होते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जगातील राष्ट्रे एकत्र आली आणि जहाजावर जितकी माणसे, तितक्या सर्वांना पुरतील एवढ्या जीवरक्षक नौका असल्याच पाहिजेत, असा नियम १९१४ साली ठरला. समुद्रावरील प्रत्येक नियमामागे असे कोणाचे तरी मरण उभे आहे. आईने जाकिटाचे बंद स्वतः दोन वेळा बांधून आणि सोडून पाहिले. मगच तिचे समाधान झाले.

मग भोंगा वाजला. किनाऱ्यावरील जाडजूड दोर सुटले. पण एवढे प्रचंड जहाज आपण होऊन हलेना. दोन लहानशा, बुटक्या बोटी पुढे आल्या आणि त्यांनी त्याला ढकलत-ओढत धक्क्यापासून दूर काढण्यास प्रारंभ केला. आई कठड्याला धरून वाकून पाहत होती. ती एकदम आनंदाने म्हणाली, “अगं बाई, हे तर आपले बँकर!”

भोवतालच्या माणसांना काही समजले नाही. आम्हां दोघांना मात्र समजले. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. तो इतका चढाचा आहे, की सदतीस फूट पुढे गेले म्हणजे एक फूट वर चढावे लागते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, आणि ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलीत नेतात. त्यांना बँकर म्हणतात. गाडी घाटमाथ्यावर पोहोचली, की बँकर सुटून मुकाट्याने मागे फिरतात. त्या बोटींनीही तसेच केले. जहाज मोकळ्या पाण्यात येताच दोर सोडून त्या परत वळल्या. ज्यांनी प्रवास सुरू करून दिला, त्यांच्याकडे आता कोणाचे लक्ष नव्हते. आईने मात्र त्यांच्या दिशेने हात हालवला.

बंदरातील वाटा जहाजाच्या कप्तानाला पाठ असल्या, तरी बंदराचा एक वाटाड्या जहाजावर असतो. कोठे गाळ आहे, कोठे खडक आहे, भरती-ओहोटीचा जोर किती आहे, हे त्याला ठाऊक असते. मोठे पाणी लागले, की तो दोराच्या शिडीवरून आपल्या लहान नावेत उतरतो आणि माघारी जातो. उजव्या हाताला शहर हळूहळू सरकू लागले. १९२४ साली बांधून पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया समुद्राकडे तोंड करून उभे होते. जमिनीवरून ते आपल्याला पाठमोरे दिसते. त्याचा चेहरा पाहायचा, तर पाण्यातूनच यायला हवे. डाव्या हाताला घारापुरीचे बेट आणि उरणकडील टेकड्या होत्या. कुलाब्याची दांडी ओलांडली आणि पाण्याचा रंग बदलला. मातकट पाणी हिरवट झाले, हिरवट पाणी निळसर झाले. जहाज मंदपणे डोलू लागले.

सूर्य उतरणीला लागला होता, तेव्हा डावीकडे दोन बुटकी बेटे दिसू लागली. रेवदंड्याच्या गृहस्थांनी बोट करून सांगितले, “ती खांदेरी, आणि ती उंदेरी.” १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी अस्वस्थ झाले. त्यांनी आपली जहाजे घालून वाट अडवली. तरीही मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात सामान पोहोचवीत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हा सारा किनारा आपल्या आरमाराच्या धाकात ठेवला. आज खांदेरीला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. आमच्या जहाजाच्या नावातही आंग्रे होते, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात प्रवाळांचे जे विस्तीर्ण बुडालेले पठार आहे, त्यालाही हेच नाव आहे. आम्ही पाहत असतानाच खांदेरीच्या दीपगृहातील दिवा लागला. समोरच्या किनाऱ्यावरील गावाचे नाव त्यांनी ‘थळ’ असे सांगितले, तेव्हा भाचीला मोठी मौज वाटली. एका थळाहून आम्ही सकाळी निघालो होतो आणि संध्याकाळी दुसऱ्या थळासमोर आलो होतो!

मग सूर्य बुडाला. घाटात सूर्य डोंगराआड जातो. तो बुडत नाही, लपतो. येथे लपायला काहीच नव्हते. तांबडे बिंब पाण्याला टेकले, किंचित चपटे झाले आणि सरळ खाली गेले. आमच्याकडे दृष्टीपुढे नेहमी एका रांगेमागे दुसरी रांग असते. येथे चारी बाजूंना एकच सरळ रेघ होती. भाची म्हणाली, “मामा, ती रेघ किती लांब असेल?” समुद्रपातळीपासून पंधरा मीटर उंचीवर उभे राहिले, तर क्षितिज सुमारे चौदा किलोमीटर दूर असते, असे मी तिला सांगितले. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापलीकडचा समुद्र आपल्या दृष्टीखाली झुकलेला असतो. तिने बोटे मोजून म्हटले, “म्हणजे कसाऱ्याहून इगतपुरीएवढं!” मग ती बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली.

वाऱ्याबरोबर तुषार उडत होते. आईने ओठांवरून जीभ फिरवली आणि ती थबकली. “खारट!” ती म्हणाली. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान भागत नाही, उलट वाढते. पुस्तकात हे तिच्या नातीने वाचले होते. आईने ते त्या क्षणी जाणले. ती कठड्याशी स्तब्ध उभी राहिली. थोड्या वेळाने ती जणू स्वतःशीच म्हणाली, “आपलं सगळं गोड पाणी इथं येऊन पोचतं, आणि इथं त्यातलं घोटभरसुद्धा पिता येत नाही. मग पुन्हा गोड व्हायला त्याला आभाळातून आपल्याच डोंगरावर यावं लागतं. केवढा हेलपाटा तो!”

हेलपाटा! त्या शब्दात तिची पन्नास वर्षे होती. उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाऱ्यांबरोबर ती जमिनीकडे येते, सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पावसाच्या रूपाने कोसळते, हे जलचक्र मी अनेक वर्षे ऐकले-सांगितले होते. पाणीसुद्धा आपल्यासारखीच चढण चढत असते, हे मात्र मला आईमुळे कळले.

रात्री जेवणगृहात मोठी गर्दी होती. नाना प्रकारची पक्वान्ने मांडली होती, एका बाजूला गाणे-बजावणे चालले होते. आमच्या मेजावर मुंबईचे एक कुटुंब होते. त्यांच्याबरोबर भाचीच्या वयाची दोन मुले होती. आईने भात, आमटी आणि थोडे मासे घेतले. जेवणापेक्षा तिचे लक्ष समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे होते. वाढणाऱ्या तरुणाला तिने विचारले, “बाळा, भोवती सगळं खारट, मग हे गोड पाणी कुठलं?”

“मुंबईच्या बंदरातच टाक्यांत भरून घेतो, आजी,” तो म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिले. मी मान हालवली. तिने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश, एकेक घोट घेत, पाणी पिऊन टाकले. जेवणे झाली. शेजारच्या मुलांचे पेले अर्धे भरलेले तसेच राहिले होते. तरुण ते उचलू लागला, तेव्हा आईने हात पुढे केला.

“थांब रे जरा,” ती म्हणाली. मग मुलांकडे वळून तिने हसतमुखाने विचारले, “हे पाणी कुठून आलं, सांगू का तुम्हांला?”

आणि तिने सांगितले. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. घाटातला ओढा, त्याची भातसा होते ते ठिकाण, वैशाखातील खड्डा, त्यात वाटीने गोळा होणारे पाणी, हंड्यावरची कळशी आणि चढणीवर चुकलेला एक पाय, म्हणजे सारा हंडा मातीत. दारावरून वाहणारी नदी धरणात भरते, धरणाचे पाणी मोठ्या नळांनी दूरच्या शहराला जाते, आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कारण पाणी आपण होऊन खाली जाते, वर चढवायचे तर माणसाने मनावर घ्यावे लागते. मुले टक लावून ऐकत होती. त्यांची आईही ऐकत होती. मोठ्या मुलाने विचारले, “आजी, मग तुम्हांला आमचा राग येत नाही?”

आई म्हणाली, “तहानलेल्याला पाणी दिलं, तर राग कशाचा? पण ज्याच्या घरचं प्यायलो, त्याचं नाव ठाऊक असावं. आणि ओतून देऊ नये.”

दोन्ही मुलांनी आपापले पेले उचलले आणि रिकामे केले. त्यांच्या आईनेही केला.

नंतर आम्ही पुन्हा वर गेलो. किनारा आता दिसत नव्हता. दूर कोळ्यांच्या होड्यांचे दिवे तेवढे पाण्यावर लुकलुकत होते, आणि डोक्यावर घाटातल्यासारखेच दाट तारे होते. भाचीने दिव्याखाली नकाशा उघडून त्या दिवसाची वाट आखली. कसाऱ्यापासून निघालेली तिची रेघ कल्याण, ठाणे, माझगाव, खांदेरी असे करीत निळ्या रंगात शिरली होती. आईने त्याच नकाशावर भातसेची बारीक निळी रेघ दाखवून घेतली आणि तिच्यावरून बोट फिरवीत ती समुद्रापर्यंत आली.

“उद्या सकाळी गोवा, आजी!” भाची म्हणाली.

“उद्याचं उद्या बघू,” आई म्हणाली. तिने पदर कानांवरून ओढून घेतला आणि ती काळोखातील पाण्याचा आवाज ऐकत बसली.